१७ डॉलरची गिटार आणि चौदावा क्रमांक

१९६० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत एक नवखं नाव चढत चढत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. नाव लॉरेटा लिन, गाणं ‘आयॅम अ हॉन्की टॉन्क गर्ल’, कंपनी झिरो रेकॉर्ड्स. नॅशव्हिलच्या संगीत बाजारात ना ही बाई कुणाला ठाऊक होती, ना ही कंपनी.

लॉरेटाचा जन्म १९३२ चा, केंटकीच्या डोंगराळ कोळसापट्ट्यातला. वडील खाणकामगार, आठ भावंडं. १९४८ मध्ये ऑलिव्हर लिनशी लग्न झालं आणि बिऱ्हाड देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेलं. लग्नात आपण तेरा वर्षांचे होतो, असं ती आयुष्यभर सांगत आली. २०१२ मध्ये जन्मदाखला उजेडात आला तेव्हा वय पंधरा निघालं. आख्यायिकेत दोन वर्षं कमी करून घ्यायची सोय असतेच!

घरात ती गुणगुणायची ते नवऱ्याने हेरलं आणि १७ डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. चार पोरांचं करता करता ती आपलं आपणच वाजवायला शिकली. नवरा पिणारा, बाहेरख्याली. पण बायकोच्या गळ्यावर त्याचा जितका विश्वास होता तितका तिचा स्वतःचाही नव्हता. त्यानेच तिला बारमध्ये गायला उभं केलं. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्याच टॅकोमात गायक बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायली आणि ते पाहून कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या नॉर्म बर्ली या लाकूड व्यावसायिकाने ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला.

गाणं तिचंच. नवऱ्याने टाकलेली एक ओळखीची बाई बारमध्ये बिअर पीत रडत बसायची, तिच्यावरून ते सुचलं, असं लॉरेटा सांगे. फेब्रुवारी १९६० मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओत ते मुद्रित झालं. स्टील गिटारवर होता स्पीडी वेस्ट, त्या वाद्यातला मोठा उस्ताद. गायकीवर मात्र किटी वेल्सची दाट छाप आहे. किटी वेल्स म्हणजे १९५२ मध्ये याच यादीत एकटीच्या बळावर पहिला क्रमांक मिळवणारी पहिली स्त्री. तिची नक्कल करावीशी वाटणं साहजिकच होतं.

तबकडी निघाली, पण वाजवणार कोण? त्या काळी गाण्याचं नशीब रेडिओच्या डिस्क जॉकीच्या हातात असे. पैसे चारून गाणी वाजवून घेण्याच्या ‘पेओला’ प्रकरणाची अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याच वर्षी चौकशी चालू होती. लिन दांपत्याकडे चारायला पैसेच नव्हते. नवऱ्याने बायकोचा फोटो काढला, तो तबकडीसोबत केंद्रांना टपालाने धाडला आणि मग दोघं गाडीत बसून निघाले. वाटेत रेडिओचा मनोरा दिसला की गाडी थांबवायची, आत जाऊन जॉकीला गाठायचं, गाणं वाजवा म्हणून गळ घालायची. झोप गाडीत, जेवण सँडविचचं. छोट्या गावांतल्या जॉकींना हवी ती तबकडी लावायची मुभा असे, म्हणूनच ही युक्ती चालली. यश एकाच मोठ्या शहरातून आलं असतं, तर ते इतकं टिकलं नसतं, असं माझं मत आहे. कंट्रीचा श्रोता याच गावांत होता.

नॅशव्हिलला पोचल्यावर १५ ऑक्टोबर १९६० ला ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर ती पहिल्यांदा गायली. गायक विल्बर्न बंधूंनी हात दिला, डेक्का कंपनीशी करार झाला, आणि बर्लीने तिला आपल्या करारातून खळखळ न करता मोकळं केलं. व्यापारात असा माणूस विरळाच.

पुढचं सगळं ठळक आहे: १९७० चं ‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं, १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ किताब मिळवणारी पहिली स्त्री, तिच्यावरच्या चित्रपटासाठी सिसी स्पेसेकला ऑस्कर. २०२२ मध्ये लॉरेटा गेली. तिची गाणी पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर सुरुवात याच तबकडीपासून करा आणि लगेच ‘कोल मायनर्स डॉटर’ लावा. दहा वर्षांत किटी वेल्स पुसली जाऊन तिथे लॉरेटा लिन कशी उभी राहिली, ते कानांना आपसूक कळेल.