पुढच्या वर्षीचे निमंत्रण

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी येणाऱ्या श्रीगजाननास आपण विघ्नहर्ता म्हणतो. परंतु विघ्नेश्वर, म्हणजे विघ्नांचा स्वामी, हेही त्याचेच नाव आहे. विघ्न घालणारा तोच आणि निवारणाराही तोच, अशी परंपरेची धारणा. सुखाच्या दिवसांत या दोन नावांतील अंतर कोणाच्या ध्यानी येत नाही. डोंबिवलीलगतच्या कोपरमध्ये ते लागोपाठ दोन वर्षे अनुभवास आले.

कोपर हे मूळचे खाडीकाठचे, आगरी वस्तीचे गाव. आज तेथे इमारतींची दाटी आहे, आणि स्थानक तर दुमजली : खालून कल्याणच्या गाड्या जातात, वरून दिवा-वसई मार्गाच्या. येथील संसार लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सप्टेंबर २०१९ मध्ये शहराचे पूर्व-पश्चिम भाग जोडणारा कोपर उड्डाणपूल धोकादायक म्हणून वाहतुकीस बंद झाला आणि वाहनांच्या नशिबी ठाकुर्लीचा वळसा आला. मार्च २०२० मध्ये लोकलही थांबली. २५ मार्चचा गुढीपाडवा हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. नववर्षाच्या शोभायात्रेसाठी महाराष्ट्रभर नावाजलेल्या डोंबिवलीचे रस्ते त्या सकाळी निर्मनुष्य होते.

अशा स्थितीत २२ ऑगस्टची चतुर्थी उजाडली. घरगुती मूर्ती दोन फुटांची, मंडळांची चार फुटांची, अशी मर्यादा शासनाने घातली होती. लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावत होती. कित्येकांचे वेतन निम्म्यावर आले होते, कित्येकांचे थांबलेच होते. तरीही पाटावर अक्षता पडल्या, प्राणप्रतिष्ठा झाली, आणि दीड दिवसाने अनेक घरांत बादलीत किंवा टबात मूर्ती विसर्जित करताना तोच जुना घोष झाला : पुढच्या वर्षी लवकर या.

आमच्या मते त्या वर्षीच्या उत्सवाचे सारे सार या घोषात होते. पुढचे वर्ष कसे असेल, नोकरी राहील की नाही, आरतीला उभे असलेले सर्वजण तेव्हा असतील की नाही, हे कोणासही ठाऊक नव्हते. तरी माणसांनी देवाला आमंत्रण दिले. त्यांनी देवाकडे हमी मागितली नाही. उलट आपणच त्याला शब्द दिला. मुळात पार्थिव पूजेची रीतच अशी आहे. मातीची मूर्ती आणतानाच तिच्या जाण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि त्यामुळे पूजेत काही उणे राहत नाही.

ज्या घरांतून माणूस गेला तेथे हा घोषही झाला नाही. सुतकामुळे तेथे गणपती आलाच नाही. विघ्नहर्त्याने आमचेच विघ्न का हरले नाही, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही. कोणी घाईने दिलेच, तर ते ऐकून घेऊ नये असे आम्हांस वाटते. मात्र परंपरेने अशा घरांचे दार बंद केलेले नाही. भाद्रपदात राहिलेला गणपती माघ शुद्ध चतुर्थीस आणता येतो. २०२१ मध्ये ती १५ फेब्रुवारीस होती. त्याच महिन्यारंभी लोकल ठरावीक वेळांपुरती सर्वांना खुली झाली होती. एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली. आशेला असा हिसका बसणे हे पहिल्या आघाताहून अधिक जाचक असते.

या काळात पुलाचे काम मात्र चालू होते. जुना पूल पाडून नवा उभारला तो अभियंत्यांनी व मजुरांनी; देवावर हवाला ठेवून तुळया चढत नाहीत, आणि चढवणाऱ्यांपैकीही कितीतरीजण हात जोडूनच कामास लागले असतील. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलची मुभा मिळाली. सप्टेंबरात, चतुर्थीच्या तोंडावर, पूलही खुला झाला. १० तारखेस पुन्हा पाट मांडले गेले. ज्यांनी माघात गणपती आणला होता, त्यांच्याकडे तो सात महिन्यांतच दुसऱ्यांदा आला.