मागणी कोणाकडे, केव्हा?
युवककार्यासाठी मोहीम म्हटली की मोर्चा, फलक, निवेदन एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण पहिला प्रश्न हवा तो पैशाचा: निर्णय कोण घेतं आणि कधी? २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने १५ ते २९ हा वयोगट युवा मानला. पण ते धोरण देशपातळीवरचं; गावातल्या अभ्यासिकेसाठी तरतूद लागते ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात. तो ग्रामसभेपुढे येतो, म्हणून किती मुलं-मुली कुठे अभ्यासाला बसतात याची नोंद घेऊन सदस्यांना त्याआधीच भेटायला हवं. ‘तरुणांना नोकऱ्या द्या, अभ्यासिका कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु नोकरीच्या तयारीलाही शांत जागा आणि विश्वासाचं जाणतं माणूस लागतं. मुलींना तर घराबाहेर अशी जागा क्वचितच मिळते.