शेतात पिवळेधमक बेडूक दिसले? घाबरू नका, ते विषारी नाहीत! जाणून घ्या खरे कारण

तलासरी : पहिला दमदार पाऊस झाला की अच्छाड परिसरात खाचरं, डबकी भरतात आणि रात्रभर डराव डराव सुरू होते. अशा वेळी हळदीसारखे पिवळे बेडूक दिसले की ‘विषारी बेडूक आले’ असे मेसेज फिरायला वेळ लागत नाही. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेशातील नरसिंहपूरचा असाच व्हिडिओ देशभर व्हायरल झाला होता.

प्रत्यक्षात हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक, म्हणजे बुलफ्रॉग. पावसाच्या सुरुवातीला नर मादीला बोलावण्यासाठी पिवळा होतो. ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. मिलनाचे दिवस संपले की रंग पुन्हा मळकट हिरवा होतो.

उथळ पाणीच का?

मोठ्या तळ्यातले मासे अंडी आणि पिल्लं खातात. नव्याने भरलेल्या डबक्यात मासे नसतात. मादी तिथे हजारो अंडी घालते. एक-दोन दिवसांत शेपटीवाली पिल्लं बाहेर येतात. पुढचे काही आठवडे पाणी टिकले तरच त्यांना पाय फुटतात आणि ती जमिनीवर येतात. पावसाने दडी मारली, डबके बुजवले किंवा फवारणीचे औषध पाण्यात उतरले, तर अख्खी पिढी तिथेच संपते.

डोंगरावरही हेच गणित. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या सड्यावर, खडकावर साचलेल्या वीतभर पाण्यात ‘आंबोली टोड’ अंडी घालतो. ही जात शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नोंदवली. आज ती नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

शेतकऱ्याचा फायदा काय?

बेडूक भातावरचे किडे फुकटात खातो. पूर्वी भारतातून बेडकाच्या तंगड्या परदेशात जात. बेडूक कमी झाले, कीड वाढू लागली, अशा तक्रारी आल्यावर १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली.

बघायचे कसे?

- पाऊस थांबल्यावर रात्री टॉर्च घेऊन जा. साप-विंचवाची भीती असते, पायात गमबूट हवेत.
- बांधावरूनच बघा, पाण्यात उतरू नका. हाताला मीठ किंवा औषध लागलेले असेल तर बेडकाच्या ओल्या कातडीला त्रास होतो.
- साबुदाण्यासारखा थर, काळ्या मण्यांची लांब माळ किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचा गोळा दिसला तर ती अंडी समजा.
- फोटो, आवाज आणि तारीख मोबाईलमध्ये ठेवा. दरवर्षीची नोंद जुळवली की बेडूक वाढले की घटले ते गावालाच कळेल.

आवणीच्या धामधुमीत शेताच्या कोपऱ्यातले एखादे डबके तसेच राहू द्या. औषधाचा पंप त्यात धुऊ नका. पावसाळी रात्री मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाताना गाडी जरा हळू घ्या. रस्ता ओलांडणाऱ्या बेडकिणीच्या पोटात हजारो अंडी असू शकतात.