वीजही सहकाराची!
(द्वितीय वर्ष, कला)

सहकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना, दूध डेअरी किंवा गावची विकास सोसायटी उभी राहते. परंतु खेडोपाडी वीज वाटणारी, सभासदांच्या मालकीची संस्थाही याच महाराष्ट्रात सुमारे चाळीस वर्षे नांदून गेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'मुळा-प्रवरा' हे नाव घेतले, आणि त्या संस्थेची माहिती मिळवण्याची मला ओढ लागली.

त्याला कारणही तसेच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात रब्बीच्या दिवसांत एकच प्रश्न कानी पडतो, "लाईट उनी का?" पाळी रात्रीची असली की वडील बॅटरी व काठी घेऊन विंचूकाट्यातून गव्हाला पाणी द्यायला निघतात. डी.पी. जळाली, तर दुसरी येईपर्यंत पीक मान टाकते. वीज ही आमच्यासाठी चैन नव्हे. ती पिकाचा प्राण आहे.

या कल्पनेचे मूळ अमेरिकेत सापडते. 1935 साली तेथे दहा शेतकऱ्यांत जेमतेम एकाच्या घरी वीज होती. विरळ वस्तीपर्यंत तारा ओढणे खाजगी कंपन्यांना परवडत नव्हते. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र खाते उभारले. त्याच्या कर्जावर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या व स्वतःच्या वीजवाहिन्या उभ्या केल्या. तेथील कित्येक संस्था आजही शिल्लक रक्कम वीजवापराच्या प्रमाणात सभासदांना परत देतात. एखाद्या भागात वादळाने खांब पडले, तर शेजारच्या संस्थांचे कामगार मदतीला धावून जातात.

भारतात 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले. त्या सुमारास अमेरिकन तज्ज्ञांच्या साहाय्याने पाच ठिकाणी हा प्रयोग झाला: हुकेरी, सिरसिल्ला, कोडिनार, लखनौ आणि आपली मुळा-प्रवरा. श्रीरामपूर येथे मुख्य कार्यालय असलेल्या या संस्थेचे क्षेत्र श्रीरामपूर, राहुरी व लगतच्या तालुक्यांतील गावांत पसरलेले होते. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जेथे घातला गेला, तोच हा प्रवरेचा परिसर. सहकाराचे बी तेथे रुजलेले होतेच.

अशा संस्थेचे काम कसे चालते? ती घाऊक वीज विकत घेते व आपल्या तारांवरून घरोघरी, विहिरीवरी पोचवते. वायरमन तिचा, वसुलीही तिचीच. वर्षाअखेर हिशेब तपासला जातो व तो वार्षिक सभेपुढे येतो. शेत दोन एकर असो वा वीस, सभासदाला मत एकच. "आमची डी.पी. महिनाभर का बंद होती?" असे तो उभा राहून विचारू शकतो. ग्राहक हाच मालक, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

मग ही संस्था बंद का पडली? तिच्या विजेचा फार मोठा भाग शेतीपंपांना जाई. पंपांचे दर कमी व वसुली अपुरी. घाऊक विजेचे देणे मात्र वाढतच गेले. थकबाकीचा आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्यावरून वादही झाले. अखेर 31 जानेवारी 2011 रोजी परवान्याची मुदत संपली व तेथील वितरण महावितरणकडे गेले. बेळगाव जिल्ह्यातील हुकेरीची संस्था मात्र त्यानंतरही काम करीत राहिली.

यावरून सहकार फोल ठरतो, असे मला वाटत नाही. मालकी म्हणजे केवळ हक्क नव्हे, जबाबदारीही आहे. सभेला हजर न राहणारा, हिशेब न वाचणारा व बिल न भरणारा मालक स्वतःचेच घर पोखरत असतो. दुसरीकडे, खरेदीचा भाव व विक्रीचा भाव यांचा मेळ बसला नाही, तर निव्वळ सेवाभावाने दिवा तेवत नाही.

2019 सालच्या 'कुसुम' योजनेने शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था व ग्रामपंचायती यांना लहान सौर वीजकेंद्रे उभारण्याची वाट मोकळी केली. खानदेशात उन्हाला काय तोटा! सौर वीज दिवसा मिळते, म्हणजे पाणीही दिवसा भरता येईल. मित्रहो, आपण शिकलेली मुले गावच्या सोसायटीच्या सभेला गेलो, अहवाल वाचून वडीलधाऱ्यांना समजावून सांगितला, तर उद्या आपल्या गावाची वीजही सहकाराची का होऊ नये?