घरातला स्टिरिओ : लेखांक ६
आधी खोली, मग सिस्टीम

मागच्या दोन लेखांकांत आपण अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा विचार केला. या आठवड्याचा विषय कुठल्याही शोरूममध्ये विकत मिळत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तो म्हणजे आपली खोली. माझे म्हणणे स्पष्ट आहे : मध्यम दर्जाची, धड जोडलेली सिस्टीम घरात असेल, तर पुढचा रुपया नव्या पेटीवर घालू नये, खोलीवर घालावा. हे आवडीनिवडीवरून म्हणत नाही. साध्या हिशेबातून ते दिसते.

मनमाडसारख्या गावातल्या नेहमीच्या घराचा हॉल घेऊ. बारा बाय दहाची खोली, दहा फुटांवर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा. तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर, आणि भिंती, जमीन, छत मिळून क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरस मीटर. फरशी आणि गिलावा त्यांच्यावर आदळणाऱ्या आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतात, उरलेला परत फेकतात. हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस सेबाइन यांनी १८९५पासून या प्रश्नाचा छडा लावला. तिथल्या एका व्याख्यानगृहात शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत असे. सेबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या करून मांडल्या आणि दर वेळी घुमण्याचा काळ मोजला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. ते आपल्या रिकाम्या हॉलला लावले तर उत्तर येते जवळजवळ तीन सेकंद. लहान खोलीत हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा अचूक दाखवते. सेकंदाला आठ स्वरांची तान घ्या : पहिला स्वर विरायच्या आत पुढचे वीसेक स्वर त्याच्यावर येऊन पडतात. गायकाने दाणेदार घेतलेली तान आपल्याला गिचमिड ऐकू येते, आणि दोष दिला जातो स्पीकरला. त्याच खोलीत कॉटवर गादी, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट आणि चार माणसे आली, की शोषण पाच-सहा पटींनी वाढते आणि घुमणे अर्ध्या सेकंदाच्या आसपास येते. घरी ऐकायला एवढे पुरेसे आहे.

खर्जाचे दुखणे वेगळे आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट ज्याची तरंगलांबी असेल, तो स्वर त्या खोलीत फुगतो. बारा फुटांच्या बाजूला तो ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, दहा फुटांच्या बाजूला ५६च्या. आपल्या हॉलची रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट, त्यामुळे ५६ हर्ट्झला दोन फुगवटे एकावर एक चढतात. वर त्यांच्या पटीतले आणि तिरके फुगवटे येत राहतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो, म्हणजे नेमका याच मुलखात. खुर्ची दोन-तीन फूट सरकवली की तोच खर्ज कधी अंगावर येतो, कधी हरवतो. लहान खोलीत उंचवटा आणि खड्डा यांत पंधरा-वीस डेसिबलचा फरक पडणे अगदी नेहमीचे आहे. याउलट धड बनवलेल्या अॅम्प्लिफायरचा चढउतार माणसाच्या श्रवणकक्षेत एक डेसिबलही नसतो.

केबलचा हिशेब याच मापाने करू. इलेक्ट्रिशियन घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच एमएमची तांब्याची वायर पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला यातून बसणारा तोटा डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. पंधरा डेसिबलचे भगदाड उघडे ठेवून ही फट बुजवण्यासाठी हजारो रुपये मोजायचे, यात शहाणपण नाही. यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘आम्हाला फरक ऐकू येतो’. ऐकू येतो हे मी खोटे म्हणत नाही. पण एक जोडणी दुसरीपेक्षा किंचित मोठ्याने वाजली, तरी कानाला ती ‘मोठी’ न वाटता ‘चांगली’ वाटते. म्हणून दोन्हींची पातळी मीटरने सारखी करावी, काय वाजते आहे ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नये, आणि मगच निकाल द्यावा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये दाखवून दिले, की स्पीकर डोळ्यांसमोर असताना दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण वेगळे पडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हाय-रिझोल्यूशन फाइल्स आणि भारी डॅक (डिजिटल संकेताचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) यांनी बारकावे वाढतात, त्याचे काय? मनमाड हे जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चारी दिशांना इथून गाड्या सुटतात. हॉर्न आणि मालगाड्यांची खडखड रात्रभर चालते. निवासी भागासाठी सरकारी नियमातली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खोली तेवढी शांत मिळाली आणि संगीताचे उंच टोक ९५ डेसिबलला गेले, तरी हाती पन्नासच डेसिबलचा पट्टा लागतो. साध्या सीडीत तो ९६चा असतो. मेयर आणि मोरन यांच्या २००७च्या प्रयोगात हाय-रिझोल्यूशन ध्वनी आणि तोच सीडीच्या दर्जाला उतरवलेला ध्वनी ओळखायला सांगितले. ५५४ वेळांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. याच्या उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. जोशुआ रीस यांनी २०१६मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले आणि तयार कानांच्या श्रोत्यांत ते आणखी वाढले. फरक शून्य नाही, हे मान्य. पण बारीक लक्ष देऊनही जेमतेम पकडता येणारा फरक एकीकडे आणि घरात येणाऱ्या कुणालाही जाणवणारा फरक दुसरीकडे असताना, आधी कुठे हात घालायचा हे उघड आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : भाड्याचे घर, हॉलमध्येच जेवण आणि अभ्यास, तिथे खोलीचे काय करणार? बरेच करता येते. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात खर्ज सर्वाधिक फुगतो. ऐकायची जागा मागच्या भिंतीला टेकवू नका आणि खोलीच्या मध्यावरही ठेवू नका. कुणाला तरी बाजूच्या भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे जाड गोधडी किंवा पुस्तकांचे कपाट येऊ द्या. मात्र गोधडीने खर्ज आटोक्यात येत नाही. शंभर हर्ट्झचा तरंग साडेतीन मीटरच्या आसपास लांब असतो, त्याला कापडाचा थर पुरत नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे तर त्याला अजिबात अडवत नाहीत. तिथे जागा बदलणे हाच पहिला उपाय. सॉफ्टवेअरची दुरुस्ती फुगवटे कापते, पण खड्डे भरून काढत नाही आणि घुमणेही थांबवत नाही.

म्हणून नवे काही विकत घेण्याआधी एक रविवार खोलीला द्या. नेहमीच्या ऐकण्यातली एकच तान आणि तंबोऱ्याचा एकच खर्ज लावून, स्पीकर आणि खुर्ची हलवत ऐका. त्यानंतरही उणीव राहिली, तर खुशाल नवे स्पीकर घ्या. ती खरेदी तेव्हा डोळस असेल. पुढच्या लेखांकात : व्होल्टेजचा चढउतार आणि स्टॅबिलायझरची खरी गरज.