घड्याळ धावत असताना हत्ती द्यायचा का?



आजचा विषय बुद्धिबळाचा, आणि तोही डावाच्या शेवटाचा. पटावर चार-सहा मोहरी उरलीत, घड्याळात वेळ थोडा आणि समोरचा माणूस बरोबरीला तयार नाही. अशा वेळी कसलेले खेळाडूसुद्धा चुकतात. का? "वेळ नव्हता" हे उत्तर मला अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं म्हणजे एकदाचं संपवून टाकायची घाई. ही घाई बहुतेक वेळा एकाच वेषात येते: मारामारी. तू माझा हत्ती घे, मी तुझा घेतो, पट मोकळा!

याचं सगळ्यात महागडं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि शेवटचा डाव. गुण ६.५ – ६.५. पांढरी मोहरी चीनच्या डिंग लिरेनकडे, काळी आपल्या डी. गुकेशकडे. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी कमी वेळाचे टायब्रेक डाव झाले असते, आणि बघणाऱ्या बहुतेकांनी ते गृहीतच धरलं होतं. कारण पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि राजाच्या बाजूला थोडी प्यादी, एवढंच उरलं होतं. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं. पण सगळी प्यादी एकाच बाजूला असली आणि हत्ती पटावर असला, की एका प्याद्याची आघाडी बहुतेक वेळा पुरत नाही. गुकेश तरीही उठला नाही. तो चाली करत राहिला, आणि त्याच्या घड्याळात डिंगपेक्षा पुष्कळ जास्त वेळ होता.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ घरात आणला. म्हणजे काय, तर हत्तींची अदलाबदल पुढे केली. वरवर बघितलं तर अगदी समजूतदार चाल. हत्ती गेले की फक्त उंट उरणार, मग काय, बरोबरीच!

पण त्याचा उंट कुठे होता? ए-८ला, पार कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी रेघ असते. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने हत्ती मारला, आणि मग गुकेशने आपला उंट त्याच रेघेवर, डी-५ घरात, राजाच्या आधाराने आणून ठेवला. आता पांढरा उंट पळणार कुठे? रेघेवरच्या ज्या घरात जाईल तिथे काळा उंट त्याला मारणार. म्हणजे उंटांची अदलाबदल सक्तीची! मागे उरले दोन राजे, प्यादी, आणि गुकेशचं ते एक जास्तीचं प्यादं. ५८व्या चालीला दोन्ही राजे समोरासमोर आले, मधे एकच घर, आणि पाळी पांढऱ्याची. डिंगने डाव सोडला. १८ वर्षांचा गुकेश ७.५ – ६.५ने जगज्जेता झाला.

इथे जरा थांबून बघा. हत्ती पटावर असताना एक प्यादं कमी असलं तरी बचाव होतो, कारण हत्ती लांबून शह देत राहतो, मागून प्याद्याला धरून ठेवतो. फक्त राजे उरले की हे सगळं संपतं. राजा एका वेळी एकच घर चालतो, आणि एकटा राजा दोन ठिकाणी पुरत नाही. म्हणून ज्याच्याकडे प्यादं जास्त, त्याला मारामारी हवी असते. ज्याच्याकडे कमी, त्याने मोहरी राखायची असतात. डिंगला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तो त्या वेळचा जगज्जेता होता. मला तर वाटतं, थकलेल्या माणसाला "सोपं" आणि "सुरक्षित" हे दोन शब्द एकच वाटायला लागतात.

आता घड्याळाकडे येऊ. त्या लढतीत पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती. पुढच्या सगळ्या डावाला ३० मिनिटं, आणि ४१व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद जादा. हे जादा सेकंद देणारं घड्याळ बॉबी फिशरची कल्पना. १९९२ मधल्या स्पास्कीविरुद्धच्या लढतीत तो तसंच घड्याळ लावून खेळला. याचा हिशोब गल्ल्यासारखाच आहे. चाल २० सेकंदांत केली तर १० सेकंद जमा, ५० घेतले तर २० सेकंद खर्च. म्हणून ज्या चाली परत फिरवता येतात, म्हणजे हत्ती इकडचा तिकडे, राजा एक घर मागे, त्या झटपट करा आणि सेकंद साठवा. तीच स्थिती एकदा पुन्हा आणली तरी काही बिघडत नाही. बरोबरीचा दावा तिसऱ्यांदा आल्यावर करता येतो. साठवलेला वेळ खर्चायचा तो दोनच ठिकाणी: प्यादं पुढे ढकलताना, कारण प्यादं मागे येत नाही, आणि मारामारी करताना.

जादा सेकंद कमी असले की अवघडच. १ जून २०२५ला नॉर्वेमधल्या स्टॅव्हेंजरला मॅग्नस कार्लसन गुकेशविरुद्ध जिंकत आलेला डाव हरला आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. तिथे ४०व्या चालीनंतर दर चालीला फक्त १० सेकंद मिळत होते. दहा सेकंदांत नवीन विचार होत नाही, आधी ठरवलेलंच हातून होतं.

म्हणून ठरवून ठेवण्यासाठी एक स्थिती घरी मांडा. १८व्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच संगीतकाराच्या नावाने ती ओळखली जाते. तुमच्याकडे राजा आणि हत्ती. समोर राजा, हत्ती आणि एक प्यादं. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत, शेवटच्या ओळीत. तुमचा हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या ओळीत, म्हणजे समोरचा राजा ती ओळ ओलांडू शकत नाही. प्यादं त्या तिसऱ्या ओळीत आलं, की लगेच हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं; समोरच्या राजाला आता लपायला जागा नसते. दोघांच्या घड्याळात दोन-दोन मिनिटं लावा, बाजू बदलून दहा वेळा खेळा. हत्तींची अदलाबदल करायचा मोह किती वेळा होतो, तेही कागदावर रेघा मारून मोजा.