भावाचें गणित आणि विद्यार्थ्याचें घडणें

शेतकऱ्याच्या मुलानें अर्थशास्त्र शिकावें, आणि तेंहि संगणकावर आंकडेमोड करून शिकावें, असें म्हटलें म्हणजे वडीलधारी मंडळी विचारतात, "त्यानें नोकरी मिळेल, पण मुलगा शहाणा होईल काय?" प्रश्न योग्य आहे. त्याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी व बोरीवली यांच्या दरम्यान, गोरेगांवच्या पूर्वेस चित्रनगरीच्या रस्त्यावर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. रिझर्व्ह बँकेनें ती १९८७ सालीं स्थापिली, व १९९५ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे पहिले संचालक डॉ. किरीट पारीख हे मूळचे स्थापत्य अभियंते. खरगपूर येथें शिकून ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेंत गेले. तेथें त्यांनीं अभियांत्रिकींतील डॉक्टरेट तर मिळविलीच, पण अर्थशास्त्राचीहि पदवी घेतली. पुढें १९८० ते १९८६ पर्यंत ऑस्ट्रियांतील एका आंतरराष्ट्रीय संस्थेंत अन्न व शेती या विषयाच्या कार्यक्रमाचे ते प्रमुख होते. भारतीय शेतीचें गणिती प्रतिरूप रचून नारायण व श्रीनिवासन यांच्यासह त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. प्रतिरूप म्हणजे खऱ्या व्यवहाराची आंकड्यांत केलेली लहान प्रतिकृति. पुलाच्या एका तुळईवर भार वाढला कीं तो दुसऱ्या तुळयांवर जातो. तसाच धान्याचा भाव वाढविला कीं त्याचा भार मजूर, गिऱ्हाईक आणि सरकारी तिजोरी यांवर कसा वांटला जातो, तें अशा प्रतिरूपांत पाहतां येतें.

हें काम यंत्राचें, त्यांत माणसाचें काय, असें कोणी म्हणेल. १९४५ सालीं स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें एक प्रश्न मांडला: ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटक पुरतील असा सर्वांत स्वस्त आहार कोणता? १९४७ सालीं डान्टझिग यांच्या नव्या रीतीनें तो सोडविण्यास नऊ कारकून हातयंत्रें घेऊन बसले, आणि त्या कामास १२० मनुष्यदिवस लागले. आमचा जन्म कारकुनींत गेल्यामुळें त्या नऊ जणांविषयीं आम्हांस आपुलकी वाटते. आज तेंच काम विद्यार्थ्याचा संगणक निमिषांत करतो. परंतु स्टिगलरच्या उत्तरांत गव्हाचें पीठ, कोबी, पालक असे थोडेच जिन्नस होते. तें जेवण रोज कोण जेवेल, हें प्रश्नांत विचारलेलेंच नव्हतें! आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? विद्यार्थ्याचा पहिला धडा हाच कीं, यंत्र विचारलें तेवढेंच सांगतें. विचारण्याची जबाबदारी आपली.

दुसरा धडा कांद्याचा घेऊं. १९३८ सालीं इझीकिएल यांनीं ज्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला, त्या 'कोळ्याच्या जाळ्या'च्या सिद्धांताचें हें उदाहरण. यांतील आंकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, गेल्या सालचा २००० रुपये क्विंटल भाव पाहून शेतकऱ्यांनीं १ लाख क्विंटल कांदा पिकविला. एवढा माल आल्यानें भाव १००० वर उतरला. तो पाहून पुढल्या सालीं ५० हजार क्विंटलच पिकविला. भाव पुन्हां २०००! हा झोंका असाच चालूं राहतो. आतां विद्यार्थी संगणकांत एकच ओळ बदलतो: शेतकरी एका सालाचा नव्हे, तर मागील दोन सालांच्या भावांची सरासरी पाहून लागवड करतो. शेत तेंच, बाजार तोच. तरी भाव १५००, १७५०, १३७५ असा हेलकावत हळूहळू १५०० पाशीं स्थिरावतो.

हें स्वतः करून पाहिलेल्या मुलाची दृष्टि बदलते. भाव पडला म्हणजे पूर्वी तो केवळ व्यापाऱ्यास किंवा दैवास बोल लावी. आतां त्याला दिसतें कीं, हजारो घरांनीं एकाच वेळीं एकच विचार केला म्हणजेहि भाव पडतो. परंतु त्याचा अहंकारहि वाढूं नये, कारण वरील हिशेबांत पाऊस नाहीं, कांदाचाळ नाहीं, निर्यातबंदीहि नाहीं. त्याला प्रत्येक गृहीत गोष्ट लिहून द्यावी लागते. दुसरा विद्यार्थी तेच आंकडे पुन्हां चालवून चूक काढूं शकतो, व ती मुकाट्यानें दुरुस्त करावी लागते. मग त्याला शेतकऱ्याकडेच येऊन विचारावें लागतें, "काका, आपण लागवड कशावरून ठरवितां? चाळींत माल किती दिवस ठेवितां?" जो असें विचारूं लागला, तो शहाणा होऊं लागला, असें आम्ही समजतों.

यांत आपलें हिताहित गुंतलेलें आहे. आमच्या नोकरीच्या काळांत पैसेवारी पन्नास पैशांच्या आंत कीं वर, या एका आंकड्याकडे सारा गांव डोळे लावून बसे. दुष्काळी सवलती त्यावर अवलंबून असत. आंकड्याचें वजन आम्हीं दप्तरांत पाहिलें आहे. आतां खरेदीचे भाव व निर्यातीचीं धोरणें ठरवितांनाहि अशा हिशेबांचा आधार घेतला जातो. ते हिशेब मांडणाऱ्यांत ज्यांच्या पायांस शेताची माती लागली आहे अशीं मुलें नसतील, तर आपली चाळ, आपलें कर्ज व आपली मजुरी हीं त्या कागदावर येणार कशीं?

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, ज्याला गणिताची गोडी आहे अशा मुलास या विद्येपासून परावृत्त करूं नये. "पी हळद आणि हो गोरी" असें हें शिक्षण नव्हे; त्यास वर्षें लागतात. सुटींत तो घरीं आला म्हणजे आपल्या शेताच्या खर्चाची व विक्रीची वही त्याच्यापुढें ठेवावी. त्याला पुढील सालचा भाव विचारूं नये. त्याचें उत्तर कोणत्या गृहीत गोष्टींवर उभें आहे, तें विचारावें. तें त्याला आपल्या साध्या भाषेंत सांगतां आलें, तर त्याचें शिक्षण योग्य मार्गानें चाललें आहे असें खुशाल समजावें.